नाकतोड्यावर पहिलं कोण बसलं?

साल १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण होत होती आणि आमच्या हाफर्सव्हिलमध्ये ज्याला त्याला इतिहासाचा ताप चढला होता. पेट्रोल पंपवाल्याने पंप झेंड्यासारखे लाल-पांढरे-निळे रंगवले. न्हाव्याच्या दारातला पट्ट्यापट्ट्यांचा खांब मुळातच त्या रंगांचा, म्हणून त्याने खाली ‘आम्ही आधीपासूनच’ अशी पाटी लावली. आमच्या शेजारच्या फर्न हमेलने टपालपेटीवर एक लोखंडी गरुड बसवला. त्याची चोच अशा ठिकाणी आली की पोस्टमन दोनदा बोट कापून घेऊन मग पत्रं पायरीवरच टाकायला लागला.

अशा वेळी लेस्टर ट्राउटमन मागे राहणं शक्यच नव्हतं. ट्राउटमन ग्रोव्ह ही त्याच्या आजोबांनी सुरू केलेली करमणुकीची बाग. ओढ्याकाठची दाट झाडी, त्या झाडीत मेरी-गो-राउंड, आकाशपाळणा, छोटी आगगाडी, भुताचं घर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून धडधडत जाणारा लाकडी रोलर कोस्टर. तो हिरवा रंगवलेला, म्हणून त्याचं नाव नाकतोडा.

जूनमध्ये एका सकाळी लेस्टर आमच्या मागच्या दाराशी आला. हातात पाना, गॅलिसवर वंगणाचे डाग.

“आर्लीन, एक पुस्तक हवंय. बागेचा इतिहास आणि आकर्षणं. चार पानं फक्त. तू कॉफी पिता पिता लिहून टाकशील.”

“मीच का?”

“तुझी इतिवृत्तं वाचता येतात.”

खोटं कशाला सांगू, मी विरघळले. अडतीस वर्षांच्या बाईला तिचं लिखाण कोणी वाचतं असं सांगितलं की तिची सारासार बुद्धी रजेवर जाते.

इतिवृत्तं कसली, ते सांगते. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या भागात घराणं म्हणजे एक संस्था असते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी किस्लर घराण्याचा मेळावा. सव्वाशे-दीडशे किस्लर जमतात, प्रत्येकजण घरून एक पदार्थ झाकून आणतो, आणि जेवणानंतर सभा भरते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, सगळे रीतसर निवडलेले. सर्वांत वृद्ध किस्लरला बक्षीस, सर्वांत नव्या बाळाला बक्षीस, सर्वांत लांबून आलेल्याला बक्षीस, आणि हवामान चांगलं राहिल्याबद्दल आभाराचा ठराव. चिटणिसाचं टिपण वाचलं जातं, मग मंजूर होतं. एकदा मंजूर झालं की त्यातलं अक्षरही खोडायचं नाही; दुरुस्ती करायची तर पुढच्या वर्षीच्या सभेत. तोवर नऊ वर्षं मी चिटणीस होते. अध्यक्ष होत्या माझ्या सासूबाई, ब्यूला किस्लर. बटाटे ठेचायचा लाकडी दट्ट्या टेबलावर आपटून त्या सभा चालवत, आणि त्या दट्ट्याला माझे सासरेसुद्धा हयातभर वचकून होते.

हा मेळावा भरायचा तीन नंबरच्या मंडपात. बागेत असे अकरा मंडप, पण तीन नंबरची सर कशालाच नाही. दिवसभर सावली, बाजूला झरा, मेरी-गो-राउंडचं वाद्य ऐकू येतं पण ओरडून बोलावं लागत नाही, संडास जवळ पण वाऱ्याच्या दिशेला नाही. तो मंडप आम्हाला मिळे तो सासूबाईंमुळे. १९१४ साली नाकतोडा पहिल्यांदा धावला तेव्हा त्यातली पहिली प्रवासी दहा वर्षांची ब्यूला होती. म्हाताऱ्या ट्राउटमनांनी तिला तिथल्या तिथे शब्द दिला, की पोरी, तू जगशील तोवर तीन नंबर तुझ्या घरच्यांचा. पुढे लग्न होऊन त्या आमच्याकडे आल्या तेव्हा हुंड्यात शिवणयंत्र आणि मंडप घेऊन आल्या, असं किस्लर मंडळी म्हणत.

त्याच रविवारी सात नंबरच्या मंडपात ड्रायबेलबिस घराण्याचा मेळावा असे. सात नंबरला बारानंतर ऊन, वर अक्रोडाचं झाड, आणि झाडात गांधीलमाश्या. पन्नास वर्षं ते लोक एका हाताने जेवत आले होते आणि दुसऱ्या हाताने माश्या वारत. येता-जाता आमच्या मंडपाकडे ज्या नजरेने बघत, ती मी इतिवृत्तात कधी लिहिली नाही.

तर मी पुस्तकाला बसले. पहिल्याच दिवशी फर्न कुंपणावरून ओणवी झाली.

“माझ्या मामाचं घालशील ना? अडतीस साली तो आकाशपाळण्यात तीन तास अडकला होता.”

“घालते की.”

“दंतवैद्याच्या बायकोबरोबर.”

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याच्या मुलीचा फोन. ते प्रकरण पुस्तकात आलं तर आमच्या घरातल्या कोणाचेही दात तिचा भाऊ बघणार नाही. माझ्या धाकटीच्या दाढेत त्या आठवड्यात सिमेंट भरायचं होतं. मी लिहिलं, ‘आकाशपाळण्यावरून गावाचं दृश्य निवांतपणे पाहता येतं.’ त्यावर मामाने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मेरी-गो-राउंडवर घोडे अठ्ठेचाळीस असं लेस्टर सांगे. मी मोजले. घोडे पंचेचाळीस, एक बोकड, एक कोंबडा, आणि एक प्राणी ज्याच्याबद्दल कोरणाऱ्या सुताराला नुसतं ऐकून माहीत असावं. फर्नच्या मते तो जिराफ. माझा नवरा मार्लिन याच्या मते ते मान आखडलेलं वासरू. मी तीन दिवस पुस्तकं चाळली आणि शेवटी लिहिलं, ‘आणि एक दुर्मीळ प्राणी.’

मग बागेच्या जन्मसालाचा प्रश्न. दारावरच्या कमानीत १९०३. खात्री करावी म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला. तो भरायला दुसऱ्या खोलीतला क्रमांक लागतो. दुसऱ्या खोलीतले गृहस्थ क्रमांक द्यायला तयार, पण पहिल्या खोलीचा शिक्का हवा. शिक्का मारणाऱ्या बाई जेवायला गेलेल्या. चौथ्या फेरीत त्या बाईंना माझं मुलांच्या दाढांपर्यंत सगळं सांगून झालं होतं, तेव्हा कुठे खरेदीखत हाती आलं. तारीख १९०६.

“लेस्टर, कमानीवर १९०३ कसं?”

तो डोकं खाजवत म्हणाला, “आजोबांनी कमान आधी रंगवली. जमीन मग घेतली.”

आणि नंतर मी वाचनालयात जाऊन १९१४ चं गावचं वर्तमानपत्र काढलं. सासूबाईंचं नाव छापील बघून उतरवून घ्यावं, एवढाच हेतू. जुन्या अंकांची फिल्म वाचायच्या यंत्रात घातली, हँडल फिरवलं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझं हँडल थांबलं. तिथे स्वच्छ छापलं होतं, की नाकतोड्याच्या पहिल्या डब्यात सर्वप्रथम बसण्याचा मान कुमारी इडा नॉर, वय नऊ, हिला मिळाला आणि ‘फारच छान वाटलं’ असे उद्गार तिने काढले.

इडा नॉर म्हणजे लग्नानंतरची इडा ड्रायबेलबिस. सात नंबरच्या मंडपातली सर्वांत वडील बाई.

माझ्याकडे त्या वेळी एकच वही होती, मेळाव्याच्या इतिवृत्ताची. पुस्तकाची सगळी टिपणं मी तिच्यातच, ‘चिटणिसाचा वृत्तान्त’ या मथळ्याखाली करत होते. सवयच तशी. मी तेही उतरवून घेतलं, आणि मनात येईल ते त्याखाली खरडलं.

रात्री जेवताना मार्लिनला म्हणाले, “समज, आई पहिल्या बसल्याच नसतील तर?”

“कशावर?”

“नाकतोड्यावर.”

मार्लिन बराच वेळ मका खात राहिला. मग म्हणाला, “हं.”

मी ठरवलं की पुस्तकात ही ओळच घालायची नाही. ‘गावातली मुलं आनंदाने बसली’ असं मोघम लिहायचं. सासूबाईंना त्या बासष्ट वर्षांपूर्वीच्या एका फेरीखेरीज आयुष्यात काही फुकट मिळालं नव्हतं. ते माझ्या हातून जाऊ द्यायचं नाही.

इथवर सगळं माझ्या ताब्यात होतं. मग मेळाव्याच्या आदल्या दिवशी लेस्टर म्हणाला, “नाकतोड्याबद्दल लिहिणार आणि बसणार नाहीस, असं कसं?”

मी सर्वांत पुढे बसले. पहिल्या उतारालाच मी जी किंकाळी फोडली ती गाडी थांबली तरी चालू होती. ब्रेकच्या दांड्यावरच्या माणसाला मी दोन्ही हात हलवून सांगत होते की मला उतरव. त्याला वाटलं, बाईला मजा येतेय. त्याने गाडी पुन्हा सोडली. आणि पुन्हा. तिसऱ्या फेरीनंतर घशातून फक्त हवा येत होती.

रविवारी सकाळी आवाज नव्हताच. सभेच्या वेळी सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वही ओढून घेतली.

“चिटणीस आजारी आहे. मी वाचते.”

मी उठून हात हलवले. मार्लिनच्या आत्याला वाटलं, माझ्या अंगावर गांधीलमाशी आली. तिने टोपीने मला दोन फटके मारले. बाकीचे ओरडायला लागले, “बस खाली आर्लीन, हलू नकोस, हललं की चावते!”

त्यात दोनशे वर्षांच्या निमित्ताने लेस्टरने बागेतल्या प्रत्येक खांबावर कर्णे बसवले होते, आणि आमच्या सभेला कौतुकाने एक माइक दिला होता. तो त्या सगळ्या कर्ण्यांना जोडलेला होता, हे त्यालाही माहीत नव्हतं.

सासूबाईंनी गेल्या वर्षीचं इतिवृत्त वाचलं. हवामानाचे आभार वाचले. पान उलटलं.

“चिटणिसाचा वृत्तान्त. जून १९१४ च्या वर्तमानपत्राप्रमाणे नाकतोड्यात सर्वप्रथम बसलेली मुलगी म्हणजे कुमारी इडा नॉर, आताच्या मिसेस ड्रायबेलबिस...”

त्यांनी चष्मा वर केला. पण सभेपुढे आलेलं टिपण अर्धवट सोडायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्या पुढे वाचत गेल्या, त्याच खणखणीत आवाजात.

“‘फारच छान वाटलं,’ असे उद्गार तिने काढले. सासूबाईंना हे कसं सांगावं? की सांगूच नये? मार्लिनला विचारणे. मार्लिनला विचारून उपयोग नाही.” वही मिटली. “वृत्तान्त मंजुरीसाठी मांडते.”

आमचे एलवूडकाका तीस वर्षं प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत आले होते. जेवणानंतर ते डोळे मिटून बसत. ‘मांडते’ हा शब्द कानी पडला की तोंड आपोआप उघडे.

“अनुमोदन!”

आणि टेबलावरच्या काकवीच्या केकांवर डोळे लावून बसलेले एकशे चाळीस किस्लर एका आवाजात म्हणाले, “मंजूर!”

“एकमताने मंजूर,” सासूबाई म्हणाल्या. “सभा संपली.” दट्ट्या आपटला. मग सुरी घेऊन त्या केक कापायला लागल्या.

आपण काय मंजूर केलं हे घराण्याच्या हळूहळू लक्षात येत गेलं. मार्लिन आईजवळ गेला.

“आई, काहीतरी बोल ना.”

“पेपरात छापलंय. मी काय बोलणार? मोठा तुकडा देऊ की लहान?”

मी कोपऱ्यात उभी होते. तोंड उघडलं तर हवा येत होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि केकचा तुकडा मात्र दिला. त्याचं मला जास्त लागलं.

एवढ्यात ड्रायबेलबिस आले. आमच्याकडे कोणी भांडायला यायचं असलं तरी हात हलवत येत नाही; दोन बायकांच्या हातात बीटच्या रसात मुरवलेल्या अंड्यांच्या बरण्या होत्या. पुढे इडाबाईंचा मुलगा क्लेअर, मापाची पट्टी घेऊन.

“आम्ही भांडायला नाही आलो,” क्लेअर म्हणाला. “टेबलांची मापं घेतो. पुढच्या वर्षी ऐनवेळी घाई नको.”

“सावलीचंही माप घे,” फर्न म्हणाली. “तुमच्याकडे बारानंतर नसते.”

“फर्न, तू किस्लर कधीपासून झालीस?”

“माझं बटाट्याचं सॅलड खाल्लं त्यांनी, तेव्हापासून. तू कोणत्या कागदाच्या जोरावर आलास?”

“तुमच्याच! एकमताने मंजूर, आत्ता ऐकलं सगळ्या बागेने. कर्ण्यातून.”

तेव्हा आम्हाला कर्ण्यांचं कळलं. लेस्टर माइक बंद करायला धावला, पण त्याच्या आधी इडाबाई तिथे पोचल्या. लहानखुरी बाई, हातात काठी, फुलाफुलांची टोपी. त्या सासूबाईंच्या समोरच्या बाकावर बसल्या आणि माइक जवळ ओढला.

“मी त्यात बसलेच नव्हते,” त्या म्हणाल्या.

मेरी-गो-राउंडचं वाद्य नेमकं त्याच वेळी संपलं. सगळीकडे त्यांचा आवाज.

“इडा,” सासूबाई खालच्या सुरात म्हणाल्या, “माइक चालू आहे.”

“असू दे. बासष्ट वर्षं बंद होता.” त्यांनी काठी बाजूला ठेवली. “मला पुढे बसवलं. पेपरवाल्याने नाव लिहून घेतलं आणि तो सरबत प्यायला गेला. मग मी वर बघितलं, तो चढ. माझा फ्रॉक भिजला, बायांनो. सगळ्या गावासमोर. ही ब्यूला रांगेत माझ्या मागे होती. हिने आपला एप्रन सोडून माझ्या कमरेला बांधला आणि म्हणाली, त्या बाजूने उतर, मी बसते, कोणाला सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला. वडलांनी कात्रणाला चौकट करून जेवणघरात लावलं. मी रोज त्या ‘फारच छान वाटलं’खाली बसून जेवलेय.”

“आई!” क्लेअर म्हणाला. त्याच्या हातून पट्टी सुटली आणि सटकन डबीत गेली.

“आणि तू,” इडाबाई सासूबाईंना म्हणाल्या, “आत्ता वाचलंस. इथे सगळ्यांसमोर. तरीही बोलली नाहीस?”

सासूबाईंनी केकची सुरी पुसली. “सांगणार नाही म्हटलं होतं ना.”

एलवूडकाका एव्हाना पुरते जागे झाले होते.

“दुरुस्ती मांडतो!” ते उठून ओरडले. “पहिली प्रवासी ब्यूला!”

सासूबाईंनी दट्ट्या उचलला. “सभा संपलीय, एलवूड. पुढच्या वर्षी मांड.”

“अगं पण तोवर वहीत...”

“तोवर वहीत इडा. आपण मंजूर केलंय. एकमताने.” त्या लेस्टरकडे वळल्या. “पुढच्या वर्षी तीन नंबर हिच्या घरच्यांना दे. आम्ही सातला बसू.”

लेस्टर म्हणाला, “ब्यूला, अगं माझी बाग, मी सांगतो ना...”

“नियम आहे,” सासूबाई म्हणाल्या, आणि ड्रायबेलबिसांना केक वाटायला लागल्या.

एकोणीसशे सत्याहत्तर साली आम्ही सात नंबरला बसलो. मला दोनदा माशी चावली, मार्लिनला चारदा, आणि एलवूडकाकांना जिथे चावली ते इतिवृत्तात लिहू नये असं ठरलं. दुरुस्तीचा ठराव मांडला गेला तेव्हा इडाबाई काठी टेकत तीन नंबरमधून आल्या आणि म्हणाल्या, अनुमोदन मी देणार. त्या किस्लर नव्हत्या; नियमाने चालत नव्हतं. सासूबाईंनी दट्ट्याकडे बघितलं, इडाबाईंकडे बघितलं. “आज चालेल,” त्या म्हणाल्या. माझ्या माहितीत त्यांनी नियम मोडला तो एवढाच.

पुस्तक निघालं ते शहात्तरच्याच ऑक्टोबरमध्ये, बाग हिवाळ्यासाठी बंद झाल्यावर. चारची बावीस पानं झाली होती. लेस्टर दोन वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होता. पुढे बागेच्या वायरमनने एका टेबलाच्या पायाखाली ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. कमानीवरचं साल मात्र लेस्टरने बदललं नाही. तो नव्याण्णव साली वारला. आता नातू बाग बघतो, आणि नाकतोडा अजून हिरवाच आहे.

फर्न फ्लोरिडाला मुलीकडे गेली, गरुडासकट. एलवूडकाका शेवटच्या आजारात नर्सने काहीही विचारलं की अनुमोदन देत. क्लेअर ड्रायबेलबिसने सात नंबरचं अक्रोडाचं झाड बागेची परवानगी न घेता एका पहाटे छाटलं आणि दोन्ही घराण्यांचा लाडका झाला. मार्लिनला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आणखी एकतीस वर्षं चिटणीस होते आणि टिपणांसाठी वेगळी वही ठेवत होते.

सासूबाई चौऱ्याऐंशी साली गेल्या. दफनानंतर आठवड्याने इडाबाई भल्या सकाळी, दारं उघडायच्या आधी, बागेत आल्या. लेस्टरने मला हे नंतर सांगितलं. त्यांनी नाकतोड्याच्या पहिल्या डब्यात बसवून द्यायला सांगितलं. त्याने हाताला धरून बसवलं, दांडा मांडीवर आणला. त्या दोन्ही हातांनी दांडा धरून वर चढाकडे बघत बसल्या, पाच मिनिटं असतील, दहा असतील.

“सोडू गाडी?” लेस्टरने हळूच विचारलं.

“वेडा आहेस का रे तू?” इडाबाई म्हणाल्या, आणि पलीकडच्या बाजूने उतरल्या.